खुन्याच्या माळावरचं प्रात्यक्षिक

खून करायचं मी ठरवलं त्या सकाळी उज्वला ओट्याशी भेंडी चिरत होती.

"मी एक खून करणार आहे," मी जाहीर केलं.

"कुणाचा?" तिने मानसुद्धा वर केली नाही.

"लक्ष्मीदास शेटचा."

"करा. पण आधी गॅसवाल्याला फोन लावा."

तेहतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे-विभागात काढलेल्या माणसाची घरात ही किंमत. ऑफिसात मी नुसता चष्मा काढून पुसायला घेतला, तरी समोरचा माणूस मेलेल्या म्हशीचं खरं वय सांगून मोकळा व्हायचा. पण पिकतं तिथे विकत नाही. मी गॅसवाल्याला फोन लावला.

खून अर्थातच कागदावरचा होता. अपूर्वा नावाची एक चुणचुणीत मुलगी पुण्यात पुस्तकं छापते. तिने एक मालिका काढायला घेतली होती: जुन्या मराठी रहस्यकथा, पण खलनायकाच्या तोंडून. "काका," ती मला म्हणाली होती, "इतकी वर्षं आपण फक्त गुप्तहेराचंच ऐकत आलो. समोरच्याची बाजू कुणी ऐकलीच नाही." हे वाक्य माझ्या काळजाला भिडलं, कारण समोरच्याची बाजू न ऐकण्याबद्दलच मला तेहतीस वर्षं पगार मिळत होता.

मी निवडलेली कादंबरी म्हणजे 'तिसऱ्या पहाटेचा मारेकरी'. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात लपवून मी ती सात वेळा वाचली होती आणि भूगोलात दोनदा नापास झालो होतो. कथा थोडक्यात अशी. मुळशी धरणाच्या काठावर चिखलवणे गावात लक्ष्मीदास शेटचा बंगला. एका पहाटे शेट आरामखुर्चीत मरून पडलेला. बागेच्या ओल्या मातीत चाळीस मेंढरांच्या खुरांचे ठसे, आणि ते सगळेच्या सगळे बंगल्यातून बाहेर जाणारे! आत येणारा ठसा एकही नाही. पोलीस चक्रावतात. मग पुण्याहून गुप्तहेर दिग्विजय पाठारे येतात, सिगारेट शिलगावतात आणि एकशे बाराव्या पानावर गरजतात, "इन्स्पेक्टर, ती मेंढरं बाहेर गेलीच नाहीत. ती आत आली. उलट्या पावली!" धनगर गेणबा चाळीस मेंढरं उलटी हाकत बंगल्यात शिरला, आपली पावलं त्याने त्यांच्या खुरांत लपवली, शेटला मारलं आणि घोंगडी पांघरून धरणातून पोहत पळाला. ओली घोंगडी सापडते, गेणबाला फाशी होते, पाठारे पुढच्या गाडीने पुण्याला परत.

आता हीच कथा गेणबाने सांगायची. कसला माणूस! चाळीस मेंढरं उलटी चालवणारी बुद्धी! मी तीन महिन्यांत एकशे ऐंशी पानं लिहिली. त्यातलं 'उलट्या पावली' हे प्रकरण तर इतकं उतरलं की लिहून झाल्यावर मी स्वतःलाच थोडा घाबरलो.

सोसायटीत ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचा विकी हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. तो लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, एआयला सांगा ना, चार मिनिटांत खून करून देईल." मी म्हणालो, चार मिनिटांत खून होतो, कादंबरी होत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी जयाताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी खलनायकाला शेवटी पश्चात्ताप झालाच पाहिजे असं बजावलं आणि शुद्धलेखन तपासायला हस्तलिखित मागितलं. मी हसून विषय बदलला. त्यांनी माझ्या मेंटेनन्सच्या चेकवरचंही शुद्धलेखन तपासलेलं आहे.

घोडं अडलं ते अपूर्वाकडे. पानं वाचून ती खूश झाली आणि लगेच म्हणाली, "काका, हे चिखलवणे गाव खरं आहे?"

"आहे. मुळशीतच आहे."

"मग गेणबाही खरा निघाला तर? हल्ली कुणाच्या भावना कधी दुखावतील सांगता येत नाही. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र तेवढं आणा."

बावधनमध्ये राहणाऱ्या माणसाला मुळशी काय लांब! मी स्कूटरला किक मारली. भूगावच्या गर्दीत पाऊण तास आणि पिरंगुटच्या चढावर एका ट्रकच्या मागे अर्धा तास काढून मी पौड ओलांडलं, तेव्हा माझा चेहरा त्या ट्रकच्या रंगाचा झाला होता. पण चिखलवण्याच्या अलीकडे एक बसथांबा दिसला आणि सगळा शीण गेला. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: खुन्याचा माळ.

साहित्याने भूगोल घडवल्याचं उदाहरण मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. मी पाटीला खेटून उभा राहिलो, हसरा चेहरा केला आणि सेल्फी काढला.

"काढा, काढा. अजून येक काढा," मागून आवाज आला.

थांब्यामागे एक पत्र्याचं घर होतं. दारात सत्तरीची एक बाई कोकराच्या पायाला हळद लावत बसली होती. "लई येत्यात फोटूवाले. पोरं येत्यात रातची, मोबाइल घिऊन, भूत हुडकायला. भूत घावत न्हाई, माझ्या कोंबड्या तेवढ्या भेत्यात."

"मी तसला नाही," मी खाकरून म्हणालो. "मी लेखक आहे. गेणबावर पुस्तक लिहितोय."

तिचा हात थांबला. "कंच्या गेणबावर?"

"ज्याने खून केला त्या. म्हणजे तसा साधासुधा खुनी नाही हं, अतिशय बुद्धिमान, पाताळयंत्री, थंड डोक्याचा..."

"त्यो माझा सासरा," ती म्हणाली.

मी सेल्फीचा मोबाइल गुपचूप खिशात सरकवला. कोकरू ओरडलं.

तिचं नाव बानूबाई. तिने मला हाकलून दिलं नाही, घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला आणि सगळं सांगितलं. बंगला खरा होता. त्याच्या मालकाने बागेला लेंडीखत हवं म्हणून गेणबाला मेंढरं बसवायला बोलावलं होतं. शेतात-बागेत चार राती कळप बसवायचा, जमीन खतावते, धनगराला धान्य मिळतं, अशी ती रीत. त्याच वेळी बंगल्यावर पुण्याचे एक लेखक हवापालटाला आलेले. ते व्हरांड्यात कादंबरी लिहायचे.

"आमची शेळी त्यांची पानं खाऊन गेली," बानूबाई म्हणाली. "अकरा पानं. सासरं म्हनायचं, शेळीला दोन दिस कळा येत व्हत्या. त्यो मानूस लई तापला. म्हनाला, तुला दाखवतो. आन् दाखवलं."

सहा महिन्यांनी पुस्तक आलं. गावाचं नाव तेच, बंगला तोच आणि खुन्याचं नाव गेणबा. गावातल्या लोकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग चेष्टेत "खुनी आला, खुनी आला" सुरू झालं. मग वस्तीला नाव पडलं, मग एसटीची पाटी लागली आणि शेवटी ते सरकारी दप्तरात गेलं.

"त्यांस्नी वाचाय येत नव्हतं. म्हातारपनी मास्तरनं वाचून दावलं. सगळं ऐकलं, फाशीबी ऐकली. रागावलं न्हाईत. येकच विचारलं, मास्तर, मला फाशी दिल्यावर माजी मेंढरं कुनी संबाळली?"

"मग?"

"मास्तर म्हनं, पुस्तकात न्हाई. त्या दिवसापास्नं म्हातारं गप झालं."

माझ्याही पुस्तकात नव्हतं. एकशे ऐंशी पानांत मला चाळीस मेंढरांची आठवण झाली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून बानूबाईची नात पल्लवी आली. ताठ मानेची, वीस-एकवीस वर्षांची. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे धरणाच्या रस्त्यावर पळायची. तिने माझ्यासमोर एक फॉर्म धरला. "काका, हे बघा. कायमचा पत्ता, खुन्याचा माळ. मागच्या वेळी पडताळणीला साहेबांनी पत्ता मोठ्यानं वाचला आणि सगळं मैदान हसलं. मी पळण्यात पहिली आले होते. तरी हसले. यंदा मी हा पत्ता लिहिणार नाही."

"नाव बदलून घ्या की!" मी म्हणालो. दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी गाडी घेऊन तडक ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेविका धम्मदीपा मॅडम टेबलावरच्या तीन फायलींमागे बसल्या होत्या. मी ना-हरकत पत्र मागितलं आणि ओघाने माळाच्या नावाचं काढलं. त्यांनी तिन्ही फायली माझ्याकडे सरकवल्या.

"बानूबाईंचे तीन अर्ज, सर. तालुक्याहून पहिला शेरा आला, मूळ घटनेचा तपशील जोडावा. मी कळवलं, घटना घडलेलीच नाही. दुसरा शेरा आला, घटना घडली नसल्याचा दाखला जोडावा."

"तो कोण देतं?"

"पोलीस. ते म्हणतात, गुन्ह्याचा क्रमांक सांगा, म्हणजे असा गुन्हा नोंद नाही असं लिहून देतो. तिसरा शेरा तर वाचाच. मयत लक्ष्मीदास शेट यांचा मृत्यूचा दाखला जोडावा. जो माणूस जन्मलाच नाही त्याचा मृत्यूचा दाखला काढायचा, तर आधी त्याचा जन्माचा काढावा लागेल."

मला तालुक्यातल्या त्या अनोळखी कारकुनाबद्दल आदर वाटला. अशी माणसं आमच्या विभागात असती, तर कंपनीने एकही दावा दिला नसता.

"पण बरं झालं तुम्ही आलात," मॅडमचे डोळे एकदम चमकले. "तंटामुक्ती समितीने निकाल दिला, तर ग्रामसभेत ठराव करता येतो. ठराव म्हणजे पुरावाच झाला. अडचण एवढीच होती, की तंट्याला दोन बाजू लागतात आणि आमच्याकडे दुसरी बाजूच नव्हती."

"अहो, मी गेणबाच्या बाजूचा आहे! माझी कादंबरी त्याच्या तोंडून आहे!"

"तुमच्या कादंबरीत गेणबा खून करतो ना?"

"करतो. पण फार सुंदर करतो."

"मग तुम्ही विरुद्ध पक्ष," असं म्हणून त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. ना-हरकत पत्र निकालानंतर मिळेल असंही सांगितलं.

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या व्हरांड्यात सुनावणी ठेवली. उज्वला डबा घेऊन बरोबर आली. ती म्हणाली, मला तुमचा अपमान बघायचा नाही, पण कुणीतरी बरोबर पाहिजे. अर्धं गाव जमलं होतं. समितीचे अध्यक्ष माउली म्हणजे पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा आणि तेरा बांधांचे आणि दोन सुनांचे तंटे मिटवल्याचा अनुभव. साठ वर्षांपूर्वीच्या छापील खुनाचा तंटा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता, पण त्यांचा चेहरा बांधाच्या तंट्याएवढाच शांत होता.

"पुस्तकवाले हिकडं बसा," ते मला म्हणाले. "बानूबाय तिकडं. पुस्तकवाल्यांनी आदी आपलं म्हननं मांडावं."

मी उभा राहिलो. मूळ कादंबरीतला पाठारेंचा तपास वाचला आणि मग, मोह आवरला नाही, माझंही 'उलट्या पावली' वाचलं. आवाजात चढउतार केले. गेणबा शेटवर झडप घालतो तिथे पुढे बसलेली एक आजी "आगं बया" म्हणाली. एकूण प्रकरण चांगलं रंगलं. मी घाम पुसून खाली बसलो.

"आता मी इचारू?" बानूबाई उठली. "घोंगडी पांघरून धरनातनं पवला म्हंता. कुटवर?"

"अकरा फर्लांग," मी म्हणालो.

"भिजली घोंगडी कंदी अंगावर घेतलीय का तुमी?"

मी काही बोलायच्या आत एका घमेल्यात बुडवलेली घोंगडी आली आणि दोघांनी उचलून माझ्या खांद्यावर टाकली. मला फक्त एवढं आठवतं, की शाळेच्या फरशीवर एक सुंदर स्वस्तिक काढलेलं होतं आणि ते मला अगदी जवळून दिसलं.

"सरळ उभे राहा हो," उज्वला मागून कुजबुजली.

"राहता येत नाहीये," मी स्वस्तिकाला म्हणालो.

"लिव्हा मॅडम," माउली म्हणाले. "घोंगडी पांघरून मानूस पवत न्हाई. उबाबी ऱ्हात न्हाई. आता मेंढरांचं."

वास्तविक इथेच मी माघार घ्यायला हवी होती. पण ओल्या लोकरीचा वास नाकात बसला होता, शंभर माणसं हसत होती आणि माझा स्वाभिमान डिवचला गेला होता. मी ताडकन म्हणालो, "मेंढरांबद्दल मी अभ्यास केला आहे. कुशल माणसाला ती उलटी चालवता येतात."

"मंग दावा," माउली म्हणाले. "प्रात्यक्षिक झालं म्हंजी वाद ऱ्हात न्हाई."

सगळी सभा माळावर आली. चाळीस नको, सहा पुरे, असं मोठ्या मनाने ठरलं. बानूबाईने सहा मेंढरं पुढे केली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो. माझ्या कादंबरीत गेणबा मेंढरांच्या डोळ्यांत रोखून बघतो आणि ती मंत्रावल्यागत एकेक पाऊल मागे सरकतात. मी रोखून बघितलं. मेंढरांनीही बघितलं. त्यांना वेळ होता.

"हुश्श!" मी हात हलवले. सहाही मेंढरं गर्रकन वळली आणि सरळ चालत, तोंड पुढे करून, निघून गेली. पल्लवीने ती पळत जाऊन वळवून आणली. तिला पळताना बघून मला पहिल्यांदा कळलं, की ही मुलगी भरतीच्या मैदानावर पळण्यात पहिली का आली होती.

मग सल्ले सुरू झाले. "सायब, शेपटं वडा!" "पाला दावा आन् मागं ऱ्हावा!" "त्यास्नी इंग्रजीत सांगा!" मी एकाची शेपटी धरली, ते खाली बसलं. दुसऱ्याच्या मागे पाला घेऊन उभा राहिलो. त्याने मान वळवून पाला खाल्ला आणि परत पुढे बघितलं. तिसऱ्याचे पुढचे दोन पाय उचलून त्याला मागे ढकलावं म्हणून मी वाकलो. तो नर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने दोन पावलं मागे घेतली.

"सरकला! मागं सरकला!" मी ओरडलो.

"टक्कर द्याया सरकलाय," बानूबाई म्हणाली, पण तोवर मी बाभळीपाशी पोचलो होतो.

मी उठलो. काटे काढले. उज्वलाने पाण्याची बाटली दिली आणि तोंडावर पदर धरून मान फिरवली. तिचे खांदे हलत होते. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं हसवू शकलो नव्हतो. शेवटी एक म्हातारी मेंढी माझ्यासमोर आपण होऊन एक पाऊल मागे आली. सगळा माळ चिडीचूप झाला. ती अजून अर्धं पाऊल मागे आली.

"ती मुतायला लागलीया," बानूबाईने खुलासा केला.

मग बानूबाई पुढे आली आणि तिने गावाकडे तोंड केलं. आता ती हसत नव्हती. "मेंढरू पुढं चालतंय. त्याला देवानं तसंच केलंय. बंगल्याच्या म्होरं फरसबंदी हाय, आजबी हाय, जाऊन बगा. मेंढरं आत गेली फरशीवरनं. दगडावर खूर उमटतोय व्हय? चार राती बसली आन् भायेर आली बागंतल्या मातीतनं. मातीत उमटला. म्हनून समदे ठसे भायेर जानारे. येवढं त्या पुन्याच्या हुशार मानसाला कळंना? माज्या सासऱ्याला सुदिक कळलं असतं. पन त्यांस्नी कुनी इचारलंच न्हाई."

मी सात वेळा ती कादंबरी वाचली होती. एकशे बाराव्या पानावर सात वेळा माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच कादंबरीच्या नवव्या पानावर, बंगल्याचं वर्णन करताना, फरसबंदी स्वच्छ लिहिलेली आहे.

धम्मदीपा मॅडमनी निकाल तिथेच लिहिला, दगडावर वही ठेवून. तो मी पाठ केलेला आहे. 'विरुद्ध पक्षास पुरेशी संधी, सहा मेंढरे व एक घोंगडी देऊनही त्यांस आपले म्हणणे सिद्ध करता आले नाही. सबब कै. गेणबा यांनी सदर खून केलेला नाही, तसेच तो कोणासही करता येण्याजोगा नाही, असे ही समिती एकमताने ठरवीत आहे.' खाली विरुद्ध पक्ष म्हणून माझी सही आहे. मागून कुणीतरी विचारलं, "मंग शेटला मारलं कुनी?" माउली टोपी सारखी करत म्हणाले, "त्याचा येगळा अर्ज करा."

बानूबाईने मला निकाल मोठ्याने वाचायला लावला. एकदा वाचला. ती म्हणाली, अजून येकदा. दुसऱ्यांदा वाचताना 'कै. गेणबा' या शब्दांपाशी तिने डोळ्याला पदर लावला. ग्रामसभेचा ठराव पुढच्याच महिन्यात झाला, तालुक्याने चौथ्या वेळी शेरा मारला नाही, आणि पल्लवीने फॉर्मवर कायमचा पत्ता लिहिला: गेणबाचा माळ. ना-हरकत पत्रही मला मिळालं. गंमत अशी, की आता माझ्याकडे पत्र होतं आणि कादंबरी नव्हती.

"काका, खलनायकच निर्दोष सुटला, तर मालिकेत काय छापू?" अपूर्वा फोनवर रडकुंडीला आली होती.

मी आठवडाभर बाल्कनीत बसून विचार केला. या कथेत खलनायक तर होताच. व्हरांड्यात बसून लिहिणारा, शेळीने खाल्लेल्या अकरा पानांसाठी एका माणसाचं नाव उचलून फासावर देणारा, आणि पुढच्या गाडीने पुण्याला परत जाणारा. त्याची बाजू कुणी ऐकलीच नव्हती. ती लिहिणं मला फारसं जड गेलं नाही. त्याचं मन मला आतून ठाऊक होतं. साठ वर्षांनी दुसऱ्यांदा तेच करायला स्कूटरवरून मीच तर गेलो होतो. एकशे ऐंशी पानं रद्दीत घातली आणि नव्याने लिहायला बसलो.

पहिलं प्रकरण घेऊन मी माळावर गेलो. या वेळी आधी विचारून. बानूबाईने सगळं ऐकून घेतलं. शेळीच्या पोटदुखीला ती हसली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "ह्या लिवनाऱ्या खलनायकाचं नाव काय ठिवलं?"

"माझंच," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचं घ्यायची आता हिंमत नाही."

तिने जरा विचार केला. "मंग पत्ताबी तुमचाच टाका."

टाकला. इमारतीच्या नावासकट, फ्लॅट नंबरासकट. पुस्तक येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच दोन मुलं मोबाइल घेऊन गेटवर आली आणि वॉचमनला विचारायला लागली, खलनायकाचा फ्लॅट कुठला? तिसऱ्या दिवशी जयाताईंच्या सहीची नोटीस आली. सोसायटीची बदनामी केल्याबद्दल मी रविवारी खास सभेपुढे खुलासा करावा. नोटिशीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. उज्वला म्हणाली, आता मात्र अपमान बघायला मी येणार नाही. मी अगदी एकटा पडलो. सहज म्हणून बानूबाईला फोन लावला.

"कवा हाय सभा?" तिने विचारलं.

"रविवारी अकराला. पण तुम्ही कशाला..."

"मी येते साक्षीला. पल्लवी आनंल गाडीवर," ती म्हणाली. "सांगते त्या बाईस्नी, ह्यो मानूस कुनाचं काय वाकडं करनार न्हाई. सहा मेंढरं दिली व्हती, म्या सोता डोळ्यानं बघितलंय."